कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताची निगा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात महिला शाखेच्या विनंतीवरून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने वैद्यकाच्या विषयावर बोलण्यास उभे राहावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी हा विषय सुचविला तेव्हा आम्हीही प्रथम हेच म्हटले, की एखाद्या डॉक्टरास पाचारण करा. त्यावर त्या म्हणाल्या, "रोगाविषयी डॉक्टर सांगतातच. हात वर कसा करायचा, हे कवायत घेणाऱ्या मास्तरांनी सांगावे." तीस वर्षे मुलांची कवायत घेतलेल्या माणसास यावर उत्तर सुचले नाही. तेव्हा आम्ही येथे रोग बरा करण्याविषयी एक अक्षरही बोलणार नाही. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन बाई घरी आली, की तिच्या त्या बाजूच्या हाताचे आणि खांद्याचे पुढे काय होते व काय व्हावयास हवे, एवढाच आमचा विषय आहे.

'स्तन' हा शब्द उच्चारताच सभागृहात थोडी चुळबूळ झाली, ती आमच्या लक्षात आली. ही चुळबूळच पुष्कळ अनर्थास कारण होते. आपल्या देशातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत या रोगाचा क्रमांक आज पहिला आहे. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाल्याचा अंदाज जागतिक पाहणीत दिला आहे. आपल्या ज्ञातीत पाचसातशे कुटुंबे असताना तो आपल्या घरांना वगळून जाईल असे मानण्यास आधार नाही. तथापि आपल्याकडे हा रोग झाकून ठेवण्याची रीत आहे. घरात लग्नाची मुलगी असली, म्हणजे तर आईची शस्त्रक्रिया 'गाठीची' होते, 'गळवाची' होते, आणि कधी कधी तर आई चार महिने 'माहेरी' जाऊन राहते. हा रोग स्पर्शाने होत नाही, आणि बहुसंख्य रुग्णांत तो आईबापांकडून आलेलाही नसतो. काही थोड्या घराण्यांत तो वारशाने येतो हे खरे. पण तेवढ्यावरून सरसकट स्थळे मोडू लागलो, तर मधुमेहाच्या घरातही कोणी मुलगी देता कामा नये! असो. झाकण्याचा परिणाम आमच्या विषयापुरता असा होतो, की बाई व्यायामासाठी कोणाकडे जात नाही, कोणास विचारीत नाही, पदराखाली हात धरून बसते, आणि खांदा आखडतो.

खांदा का आखडतो हे कळण्यास त्याची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागेल. शरीरात सर्वांत मोकळा फिरणारा सांधा हा खांद्याचा. हात मांडीपासून सरळ डोक्यावर नेला म्हणजे तो १८० अंश फिरतो. यातील सुमारे १२० अंश सांध्यात होतात, आणि उरलेले ६० पाठीवरील फरा बरगड्यांवरून सरकल्याने मिळतात. म्हणजे हात वर जातो तो एकट्या सांध्याच्या बळावर जात नाही. छातीवरची कातडी, तिच्याखालचे मोठे स्नायू, काख आणि पाठीचा फरा या साऱ्यांनी त्यास वाट द्यावी लागते. शस्त्रक्रियेत नेमकी हीच वाट दुखावते. छातीवर आडवा व्रण पडतो आणि भरताना तो आकसतो. काखेतील रसग्रंथी, ज्यांना आपण गाठी म्हणतो, त्या काढताना तेथून जाणाऱ्या नसा उघड्या पडतात. त्यांपैकी एक नस दंडाच्या आतल्या बाजूस संवेदना पुरविते. ती तुटली वा ताणली गेली म्हणजे तेथे बधिरपणा किंवा मुंग्या येतात. पुष्कळ बायका यामुळे हात निकामी झाला असे समजतात. वास्तविक हालचालीशी त्या नसेचा काही संबंध नाही. दुसरी एक लांब नस फरा बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूकडे जाते. तिला इजा झाली, तर हाताने भिंत ढकलताना फरा पाखराच्या पंखासारखा बाहेर येतो. असे दिसल्यास मात्र डॉक्टरांस अवश्य दाखवावे.

आणि या सर्वांहून मोठे कारण म्हणजे भीती. टाके तुटतील, ही ती भीती. माणूस दुखऱ्या बाजूवर वाकतो, खांदा पुढे ओढून घेतो, आणि मग तीच त्याची बसण्याची ढब होऊन जाते.

पूर्वीच्या काळी ही भीती निराधार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेड नावाचे मोठे शल्यवैद्य होऊन गेले. १८९४ साली त्यांनी आपल्या ५० रोगिणींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे मोठे स्नायू आणि काखेतील साऱ्या गाठी एकत्रच काढून टाकीत. त्या काळी रोग्याचा जीव वाचणे हीच मोठी गोष्ट, मग हाताचा विचार कोण करतो? हात कमकुवत होई आणि कित्येकींचा तो सुजून खांबासारखा होई. या सुजेवर खुद्द हॉल्स्टेड यांनीच १९२१ साली लेख लिहून तिला शस्त्रक्रियेमुळे झालेला हत्तीरोग म्हटले. पुढे १९४८ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू राखूनही शस्त्रक्रिया करता येते असे दाखविले. १९८० नंतरच्या दशकात इटलीत व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत फिशर यांनी हे सिद्ध केले, की रोग लवकर सापडला असता संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ व तिच्या आसपासचा भाग काढून वर किरणोपचार दिले, तरी आयुष्यमानात उणेपणा येत नाही. त्यानंतरच्या दशकात काखेतील पहिली एकदोन गाठीच निळ्या रंगाच्या वा किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने शोधून तपासण्याची युक्ती निघाली. त्या निर्दोष निघाल्या, तर बाकीच्यांना हात लावीत नाहीत. अशा रीतीने आजच्या शस्त्रक्रियेत हाताची हानी पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी होते. पण आपल्या घरांतील समजुती मात्र अद्याप हॉल्स्टेड यांच्या काळातच राहिल्या आहेत.

या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर या बाईंची गोष्ट. १९५२ साली त्यांच्यावर ती जुनी मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे कसे वागावे, हात कसा हलवावा, याचे पुरेसे मार्गदर्शन त्या काळी कोणी करीत नसे. त्यांनी स्वतः व्यायाम करून हात मोकळा केला आणि मग इतर रोगिणींना इस्पितळात जाऊन भेटण्याचा परिपाठ ठेवला. बरोबर काय नेत, तर एक रबरी चेंडू आणि एक दोरी. चेंडू मुठीत दाबण्यासाठी, दोरी हात वर ओढण्यासाठी. त्यांनी सुरू केलेल्या या भेटींच्या कार्यास १९६९ साली अमेरिकेच्या कर्करोग संस्थेने आपलेसे केले आणि आज तो उपक्रम अनेक देशांत चालतो. ज्या बाईने स्वतः सोसले आहे तिच्या दोन शब्दांचे वजन निराळेच असते. ते आमच्या या तासाभराच्या भाषणास येणार नाही.

आता घरचा दाखला देतो. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे अक्का म्हणतो, त्यांच्यावर २०१७ साली ही शस्त्रक्रिया झाली. त्यांचे सासर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात. शस्त्रक्रिया ज्या इस्पितळात झाली त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. शल्यवैद्यांचे काम उत्तम होते, टाके सुरेख भरून आले. परंतु घरी जाताना जो कागद दिला, त्यात गोळ्या होत्या, टाके काढण्याची तारीख होती, आणि हाताविषयी एक ओळही नव्हती. घरच्या बायकांनी मायेने जे सुचले ते केले. हाताला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही, वेणी सुनेने घातली, घास तेवढा डाव्या हाताने खाण्याची सवय केली. अक्कांना इतके कौतुक जन्मात कोणी केले नसेल! पाचव्या आठवड्यात किरणोपचारांसाठी, ज्याला आपल्याकडे पुष्कळ जण 'शेक' म्हणतात, त्या पुण्यास आमच्या घरी आल्या. किरणोपचारांचे माप घेताना रोग्यास उताणे निजवून तो हात डोक्याच्या वर, एका आधारात ठेवावा लागतो. तसे केल्याखेरीज छाती आणि काख किरणांच्या वाटेत नीट येत नाही. अक्कांचा हात खांद्याच्या रेषेशी येऊन थबकला. तेथील माणसाने दोनदा प्रयत्न केला. अक्का ओठ दाबून निजल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते. अखेर त्याने नम्रपणे सांगितले, "आजी, हात वर आल्याशिवाय यंत्र लावता येणार नाही."

सज्जनहो, येथे हाताची गोष्ट केवळ हाताची राहिली नाही. हात वर जात नाही म्हणून रोगाचा उपचार थांबला, आणि तो किती दिवस थांबून चालेल याला मर्यादा होती.

त्यांना भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठविण्यात आले. ही मुलगी पंचविशीची असेल. तिने काखेत बोट लावून दाखविले, की काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तारेसारखी एक दोरी ताणलेली आहे. गावी ती पाहून सर्वांनी रोग परत आल्याचा तर्क केला होता व अक्कांपासून तो लपविलाही होता. वस्तुतः काखेतील शस्त्रक्रियेनंतर अशा दोऱ्या पुष्कळींना येतात. त्या रोगाच्या नसतात, आणि सावकाश ताण देण्याने काही आठवड्यांत वा महिन्यांत मोकळ्या होतात. त्या मुलीने अक्कांना भिंतीसमोर उभे केले आणि बोटे कोळ्याप्रमाणे भिंतीवरून वर चालविण्यास सांगितले. घरी आल्यावर आम्ही शाळेतील जुनी युक्ती काढली. मुलांची उंची जशी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडीत असू, तशी अक्कांच्या बोटांच्या टोकाशी भिंतीवर रेघ ओढून वर तारीख घातली. दुसऱ्या दिवशीची रेघ पहिलीच्या अर्धे बोट वर होती. चौथ्या दिवशी ती खाली आली, तेव्हा अक्का रुसल्या. "मला पुन्हा पहिलीत बसवलंस रे," असे म्हणाल्या, आणि संध्याकाळी आपण होऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. अठराव्या दिवशी यंत्राखाली त्यांचा हात आधारात बसला. त्या रेघा आम्ही अद्याप पुसलेल्या नाहीत. घराला रंग देताना रंगाऱ्यास तेवढा चौकोन सोडण्यास सांगितले, यावरून सूनबाई आम्हास हसतात.

व्यायाम कोणते, हे आता सांगतो. पण प्रत्येक रोगिणीने आपल्या शल्यवैद्याची अनुज्ञा प्रथम घ्यावी, आणि ज्यांनी स्तनाची पुनर्रचना करून घेतली असेल त्यांनी तर ती घेतल्याखेरीज काहीच करू नये, कारण त्यांचे नियम वेगळे असतात. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरविणे, कोपर वाकविणे आणि खांदे कानांकडे उचलून सोडणे हे करावयाचे असते. रोजची हलकी कामे त्याच हाताने करावीत: केस विंचरावे, चहाचा कप धरावा, घास खावा. पहिला आठवडाभर, किंवा काखेतील नळी निघेपर्यंत, हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नये असे सामान्यतः सांगतात. याचे कारण असे, की अगदी प्रारंभी फार ताण दिला तर जखमेतून पाणी अधिक झिरपते. म्हणजे 'हलवू नका' म्हणणाऱ्या आजीबाईंच्या बोलण्यात आठवड्यापुरते तथ्य होते. त्यांनी त्या आठवड्याचे वर्ष केले, एवढेच.

नळी निघाल्यावर खरी कवायत सुरू होते. उताणे निजून दोन्ही हातांत एक काठी धरावी आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हातास सोबत देत ती डोक्याकडे न्यावी. छत्रीची काठीही चालते. लाटणे मात्र फार आखूड पडते. नंतर दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून कोपरे बाजूस उघडावीत. भिंतीवरील बोटांची चाल आम्ही सांगितलीच. पाठीमागे हात नेऊन चोळीचा बंद वा हूक लावण्याची कृती सर्वांत शेवटी साधते, तेव्हा त्यासाठी धीर सोडू नये. ताण जाणवला पाहिजे, पण तीव्र कळ येता कामा नये. ताण जाणवेल तेथे पाच अंक मोजून थांबावे आणि सावकाश परत यावे. मुलांच्या कवायतीत आम्ही झटका चालवून घेत असू, येथे झटका वर्ज्य आहे. प्रत्येक प्रकार पाचसात वेळा, आणि दिवसातून दोनतीन वेळा. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यावी. मुकाट्याने सोसण्यात पुण्य नाही. साधारण महिन्यानंतर, जखम पूर्ण भरली असता, हलके वजन घेऊन ताकदीचे व्यायाम सुरू करता येतात. भरलेली बादली, गॅसची टाकी, धान्याचे पोते यांना मात्र त्याआधी हात लावू नये.

या साऱ्यास प्रमाण काय, असे कोणी विचारील. इंग्लंडात १७ कर्करोग केंद्रांतील ३९२ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा खांदा आखडण्याची विशेष भीती होती अशाच स्त्रिया त्यात निवडल्या होत्या. त्यांपैकी निम्म्यांना नुसती पुस्तिका दिली, निम्म्यांना भौतिकोपचारतज्ज्ञांनी आठदहा दिवसांतच व्यायाम सुरू करून दिला आणि वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. वर्षाअखेर दुसऱ्या गटाचा हात अधिक कामाचा होता, दुखणे कमी होते, आणि व्यायामाने अपाय झाल्याचे आढळले नाही. आम्हास या प्रयोगातील पुस्तिकेची गोष्ट विशेष वाटली. छापील कागद हाती देणे आणि शिकविणे यांतला फरक शिक्षकास निराळा सांगावा लागत नाही.

किरणोपचार झाले म्हणजे व्यायाम संपला, असे समजू नये. किरणांनी छातीची कातडी व स्नायू नंतरही कित्येक महिने घट्ट होत राहतात; म्हणून तो पुढे वर्ष-दोन वर्षे चालू ठेवावा लागतो.

राहिली सूज. काखेतील गाठी पूर्ण काढल्या असता सुमारे पाच स्त्रियांत एकीच्या हातास पुढे केव्हातरी सूज येते. एकदोनच काढल्या तर हे प्रमाण विसांत एक इतके उतरते. ती महिन्यांनी येईल, वर्षांनीही येईल. बांगड्या घट्ट होणे, अंगठी न निघणे, हात जड वाटणे ही पहिली चिन्हे. अशा वेळी मालिश करणाऱ्या कोणाकडूनही हात रगडून घेऊ नये. तिच्यावर पट्टे बांधणे, दाबाची बाही घालणे, विशिष्ट प्रकारचे अगदी हलके मर्दन, असे शास्त्रशुद्ध उपाय आहेत, आणि ते लवकर केले तर गुण चांगला येतो. हातावर चिरा, भाजणे, काटा रुतणे यांपासून जपावे. भांडी घासताना व बागकाम करताना हातमोजे घालावेत. हात लाल होऊन ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, सकाळची वाट पाहू नये. त्या हातास सुई टोचू नये, रक्तदाब मोजू नये, असे पूर्वीपासून सांगत आले आहेत. अलीकडच्या अभ्यासात ही भीती पूर्वी वाटे तितकी सबळ ठरलेली नाही. तरी दुसरा हात मोकळा असता तोच पुढे करण्यात नुकसान नाही.

सुजेच्या भयाने जन्मभर हात वापरूच नये, ही समजूत मात्र पार खोटी ठरली आहे. १९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी या रोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना लांब नावेत बसवून वल्ही मारावयास लावली. वल्ही मारण्याइतके खांद्याचे कष्टाचे काम क्वचितच असेल, आणि त्या वेळच्या समजुतीप्रमाणे त्यांचे हात सुजावयास हवे होते. एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज अनेक देशांत अशा स्त्रियांच्या नावांच्या शर्यती भरतात. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत, ज्यांना सूज आलेलीच होती अशा १४१ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यांतल्या ज्यांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवीत वजने उचलली, त्यांची सूज वाढली तर नाहीच, उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले. आपल्या बायकांनी वजने कोठून आणावीत, असा प्रश्न पडल्यास डाळीच्या अर्ध्या किलोच्या पुड्या घरोघरी आहेत.

पुरुषमंडळींसाठी दोन शब्द. बाईने व्यायाम करावा असे आपण म्हणतो, पण तिला त्यासाठी दिवसात तीन वेळा पंधरा मिनिटे कोण देतो? स्वयंपाक, पाणी, पाहुणे यांतून ती उठून भिंतीशी उभी राहील तर सासूबाई पाहतात, दीर पाहतात. एक तर तिला बाहुलीसारखी जपतात, नाही तर बाराव्या दिवशी कणीक मळावयास बसवितात. पतीने घड्याळ घेऊन समोर बसावे आणि अंक मोजावेत. त्या पंधरा मिनिटांत दार लोटून घ्यावे. कपडे वाळत घालण्याची दांडी काही काळ खाली घ्यावी, आणि तिचा हात जसजसा चढेल तसतशी ती वर चढवावी. खर्चाची अडचण असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात या रोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची सोय आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तर व्यायाम शिकविणारा स्वतंत्र विभाग आहे. १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाच्या दारात आपल्यापैकी कित्येकांचे नातलग उभे राहून आले आहेत. ते येथे बसले आहेत आणि बोलत नाहीत, हे आम्ही जाणतो.

आमची कार्यकारी मंडळास सूचना अशी आहे. मंडळाच्या सभागृहाच्या मागील खोलीत भिंतीवर एक कप्पी व दोरी बसवावी, चार काठ्या ठेवाव्यात आणि दर बुधवारी दुपारी दोन तास ती खोली केवळ भगिनींसाठी राखून ठेवावी. भौतिकोपचारतज्ज्ञ एक बाई महिन्यातून एकदा विनामूल्य येण्यास कबूल झाल्या आहेत. ज्ञातीतील ज्या भगिनी या प्रसंगातून गेल्या आहेत आणि दुसरीच्या घरी भेटीस जाण्यास तयार आहेत, त्यांनी आपले नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. ही नावे स्मरणिकेत छापली जाणार नाहीत, सभेत वाचली जाणार नाहीत, वधूवर सूचक समितीच्या कपाटाजवळही जाणार नाहीत. नोंदवही चिटणीसबाईंच्या घरीच राहील. दोरी आणि कप्पीचा खर्च आम्ही देतो. काठ्या आपण आणाव्यात.